बंदीच्या ६१ दिवसांतली एक सकाळ तब्येतीसाठी : तपासणीला गेल्यावर नेमकं काय होतं?



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बंद. या दिवसांत आपण काय काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. इंजिन खोलून बघतो, प्रोपेलर तपासतो, जाळी शिवतो, फळ्यांना रंग काढतो. कोणी सांगावं लागत नाही. भर समुद्रात इंजिन बंद पडलं की काय हाल होतात ते प्रत्येकानं बघितलेलं असतं.

पण होडीवरचा माणूस? तांडेल पन्नाशीला आला, शेवटचं ब्लड प्रेशर कधी मोजलं विचारलं तर आठवत नाही. “म्हाका कांयच जावंक ना,” एवढंच उत्तर येतं.

या बंदीत तपासणीला जा, असं आम्ही सांगितल्यावर बऱ्याच सभासदांनी एकसारखेच प्रश्न विचारले. उपाशी जायचं का? रक्त किती काढतात? खर्च किती? आणि सगळ्यात महत्त्वाचा, जो हळू आवाजात विचारला गेला : काही निघालं तर होडीवर जायला मिळणार नाही का? म्हणून हा सविस्तर लेख. लांब आहे, पण एकदा वाचून ठेवा आणि घरच्यांनाही वाचायला द्या.

दुखत नाही तर जायचं कशाला?

कारण ज्या दोन आजारांसाठी ही तपासणी मुख्यतः असते, ते दुखतच नाहीत. ब्लड प्रेशर वाढलं की डोकं दुखतं, चक्कर येते, असा आपला समज आहे. बहुतेकांना काहीही होत नाही. माणूस जाळं ओढतो, जेवतो, झोपतो आणि आत मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षं ताण पडत राहतो. साखरेचंही तसंच. सुरुवातीची काही वर्षं पत्ताच लागत नाही.

हे किनाऱ्यावरच्या माणसाला जितकं लागू आहे त्याहून जास्त आपल्याला लागू आहे. याचं कारण अंतर. समजा लकवा मारला. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेसुद्धा आधी सीटी स्कॅन करून. शहरात राहणारा माणूस रुग्णवाहिकेतून तासाभरात पोहोचू शकतो. आपण तीन-चार दिवसांच्या फेरीवर बाहेर असलो तर जेटीवर यायलाच कितीतरी तास जातात. समुद्रावर उपचार नाही, म्हणून समुद्रावर जायच्या आधी तपासणी. एवढं साधं गणित आहे.

कुठे जायचं, किती पैसे लागतात?

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात जा. आता अनेक ठिकाणी ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी दिसेल. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमाखाली ३० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाची पाच गोष्टींसाठी तपासणी होते : रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कॅन्सर, आणि स्त्रियांसाठी स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कॅन्सर. याचे पैसे लागत नाहीत. पुढची तपासणी लागली तर म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर बांबोळीला गोमेकॉत पाठवतात.

एक गैरसमज दूर करू. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड अनेकांकडे आहे आणि ते तपासणीसाठी चालेल असं वाटतं. ते कार्ड रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, साध्या तपासणीसाठी नाही. तरीही कार्डची मुदत संपली आहे का ते या महिन्यातच बघून घ्या. ऐन वेळी कागद शोधण्यात वेळ जातो.

आदल्या दिवशी काय करायचं?

केंद्रात आधी विचारून घ्या : उपाशीपोटी रक्त घेणार आहेत की असंच? काही ठिकाणी बोटाला टोचून कधीही साखर बघतात, त्याला उपाशी राहावं लागत नाही. उपाशीपोटीची साखर आणि चरबीची तपासणी असेल तर असं करा :

• रात्री साधं जेवून घ्या. नंतर ८ ते १२ तास काही खायचं नाही. सकाळी चहाही नाही, बिनसाखरेचासुद्धा नाही.
• साधं पाणी प्यायला हरकत नाही. उलट प्याच. अंगात पाणी कमी असलं की शीर सापडायला त्रास होतो.
• निदान एक दिवस आधी दारू बंद. आदल्या रात्रीच्या दोन पेगनी रक्तातली चरबी वाढलेली दिसते आणि मग उगाच घाबरायला होतं.
• ब्लड प्रेशरची गोळी चालू असेल तर ती रोजच्यासारखी पाण्याबरोबर घ्या. “आज तपासणी आहे म्हणून घेतली नाही,” असं करू नका. गोळी घेऊन प्रेशर किती राहतं तेच बघायचं असतं.
• साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधीच डॉक्टरांना विचारा. गोळी घेऊन उपाशी बसलात तर साखर एकदम खाली जाऊन घाम येतो, हातपाय थरथरतात, माणूस पडूही शकतो. गोळी आणि खाणं दोन्ही पिशवीत ठेवा, रक्त दिल्यावर घ्या.
• जुने रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि आधार कार्ड बरोबर न्या. पट्ट्याच न्या. “ती पांढरी छोटी गोळी” सांगून डॉक्टरांना काही कळत नाही.

तिथे गेल्यावर

१. प्रश्न

सुरुवात सुईनं होत नाही, प्रश्नांनी होते. वय, तंबाखू-गुटखा-विडी, दारू, काम कोणतं, आईवडील-भावंडांत कोणाला साखर, प्रेशर, हार्टचा त्रास आहे का. इथे खरं सांगा. रोज अर्धी बाटली घेत असाल आणि “कधीतरी सणावाराला” म्हणालात तर डॉक्टर चुकीच्या दिशेनं शोधत राहतील. ते तुम्हाला शिक्षा करायला बसलेले नाहीत.

एक गोष्ट तुम्ही स्वतःहून सांगायची : मी मासेमारीला जातो. किती दिवस बाहेर असतो, रात्री जागतो, उन्हात असतो, पाणी कमी पितो, अंग दुखलं की कोणती गोळी घेतो. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. जाळं ओढून कंबर धरली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून रोज खाणारे आपल्यात खूप आहेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सतत घेतल्या तर प्रेशर वाढतं, पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंडाला इजा होते. त्यात दिवसभर उन्हात पाणी कमी प्यायलं तर धोका आणखी वाढतो.

२. वजन आणि कंबर

वजन-उंची मोजतात आणि टेपनं कंबर. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या वर गेली की धोका वाढला असं धरतात. “आम्ही अंगमेहनतीची माणसं, आम्हाला पोट कसलं?” हे पूर्वी खरं होतं. आता विंच आली, स्टिअरिंगवर बसणं वाढलं, बंदीत दोन महिने बसून खाणं होतं. कंबर मोजून घ्या.

३. ब्लड प्रेशर

दंडाला पट्टा बांधतात, हवा भरली की आवळतं, मग सुटतं. अर्ध्या-एक मिनिटाचं काम. पण नीट मोजलं नाही तर आकडा खोटा येतो. म्हणून एवढं सांभाळा : मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नाही. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक टाकलेले नाहीत. हात टेबलावर छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. जेटीवरून धावत आलात आणि लगेच पट्टा बांधला तर “दादा, पाच मिनिटं बसतो, मग मोजा,” असं बिनधास्त सांगा. दोनदा मोजायला सांगा. पहिल्यांदाच जात असाल तर दोन्ही हातांचं मोजलेलं चांगलं.

४. रक्त आणि लघवी

बोटाला टोचलं तर एक थेंब. दंडातून घेतलं तर दोन-तीन छोट्या नळ्या, सगळं मिळून साधारण १० मिलीलीटर, म्हणजे दोन चमचे. यानं अशक्तपणा येत नाही. माश्याचा काटा बोटात जातो त्याहून कमी दुखतं. सुई नवीन, सीलबंद पाकिटातली आहे ना, हे बघायचा तुम्हाला हक्क आहे. रक्त बघून चक्कर येत असेल तर आधी सांगा, झोपवून घेतात. यात लाज नाही, मोठमोठ्या तांडेलांना येते.

साधारण बघतात ते असं : साखर, हिमोग्लोबिन, चरबी म्हणजे कोलेस्टेरॉल, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. लघवीत प्रथिनं, साखर किंवा जंतुसंसर्ग आहे का ते दिसतं. कुठल्या केंद्रात यातलं काय होतं ते वेगवेगळं असतं. तिथे नसेल तर वरच्या केंद्रात पाठवतात.

५. तोंड

हे ऐकून लोकांना नवल वाटतं. तोंड उघडायला सांगतात, बॅटरी मारून गालाच्या आतून, जिभेखाली, हिरड्यांजवळ बघतात. तंबाखू, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांसाठी अख्ख्या तपासणीतला हा सगळ्यात मोलाचा एक मिनिट आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं फोड, तिखट लागताच आग, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, ही लक्षणं डॉक्टर शोधतात. घरीही बघता येतं : स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का? जात नसतील तर दाखवायला जा. या टप्प्यावर सापडलं तर इलाज सोपा असतो. उशिरा सापडलं तर जबडा काढायची वेळ येते.

६. डोळे आणि कान

डोळ्यांची तपासणी प्रत्येक ठिकाणी आपोआप होत नाही, मागून घ्या. ऊन, खारं वारं आणि पाण्यावरून परतणारा प्रकाश यामुळे आपल्या लोकांच्या डोळ्यांत नाकाकडच्या बाजूनं मांसासारखा पडदा वाढतो. त्याला टेरिजियम म्हणतात. तो बुबुळावर सरकला की नजर धूसर होते. मोतीबिंदूही उन्हात काम करणाऱ्यांत लवकर येतो. रात्री दुसऱ्या होडीचा दिवा किती लांब आहे हे कळलं नाही तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको.

कानाचं तसंच. इंजिनजवळ काम करताना हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कानाला इजा करणारा आहे. आवाजानं गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. घरात टीव्ही मोठा लावायची तक्रार होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

७. भगिनींसाठी

पहाटे जेटीवर, मग बाजारात टोपली घेऊन बसायचं, दुपारी घरचं काम. बाजारात शौचालय धड नाही म्हणून पाणीच न पिणं, लघवी धरून ठेवणं, मग जळजळ. हे सगळं डॉक्टरांना सांगायचंच आहे. हिमोग्लोबिन बघून घ्या. स्त्रियांमध्ये १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. “दम लागतो, वय झालं” म्हणून सोडून देऊ नका.

स्तनाची तपासणी नर्सबाई किंवा डॉक्टर हातानं करतात, गाठ आहे का बघतात. गर्भाशयमुखाची तपासणी म्हणजे सौम्य व्हिनेगरसारखं औषध कापसानं लावून एक मिनिट थांबून बघतात. कापत नाहीत, टाके नाहीत, लगेच घरी जाता येतं. थोडं अवघडल्यासारखं वाटतं, हे खरं आहे. तुमच्याबरोबर बहीण, जाऊ, शेजारीण आत थांबू शकते. बाई डॉक्टर किंवा नर्स असेल त्या दिवशीची वेळ मागून घ्या. पाळीच्या दिवसांत ही तपासणी करत नाहीत. सरकारी कार्यक्रमात ती दर पाच वर्षांनी असते.

८. खोकला आणि धनुर्वात

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, वजन कमी होत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल तर स्वतःहून सांगा. थुंकी तपासतात, तेही मोफत. केबिनमध्ये आठ-दहा जण एकत्र झोपतात. एकाला टीबी असेल तर बाकीच्यांनाही धोका असतो. टीबी पूर्ण बरा होतो, फक्त गोळ्या मध्ये सोडायच्या नाहीत.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते विचारा. गंजकी वायर, हूक, माश्याचे काटे, हाताला जखम नाही असा दिवस जात नाही. मोठ्या माणसालाही दर १० वर्षांनी हा डोस लागतो.

रिपोर्टमधले आकडे

रिपोर्ट हातात आला की शेजाऱ्याला दाखवू नका, डॉक्टरांना दाखवा. तरी तुम्हाला अंदाज असावा म्हणून :

• ब्लड प्रेशर : १२०/८० च्या खाली उत्तम. १४०/९० किंवा वर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा आलं तर उच्च रक्तदाब. १८०/१२० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. त्याबरोबर छातीत दुखणं, दम, बोलणं अडखळणं असेल तर तातडीनं रुग्णालय.
• उपाशीपोटी साखर : १०० च्या खाली ठीक. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. १२६ किंवा वर म्हणजे मधुमेहाची शक्यता, दुसऱ्यांदा तपासून नक्की करतात.
• एचबीए१सी : गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. उपाशी राहावं लागत नाही. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ किंवा वर मधुमेह. आदल्या दिवशी गोड सोडून याला फसवता येत नाही.
• हिमोग्लोबिन : पुरुषांना १३, स्त्रियांना १२ च्या वर हवं.

दवाखान्यात आल्यावर भीतीनं प्रेशर चढणारी माणसं असतात. म्हणून एका दिवसाच्या एका आकड्यावर आजार ठरत नाही. पुन्हा बोलावलं तर कंटाळू नका, जा.

“फुल बॉडी” पॅकेज घ्यावं का?

मोबाईलवर जाहिराती येतात : ८० चाचण्या, अर्ध्या किमतीत, घरी येऊन रक्त. आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं. आमचं मत असं की ज्याला काही त्रास नाही त्याला याची गरज नाही. कारण समजून घ्या. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ म्हणून जी हद्द छापलेली असते ती साधारण १०० निरोगी माणसांपैकी ९५ जण बसतील अशी आखलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी पाच जण प्रत्येक चाचणीत हद्दीबाहेर दिसणारच. आता एकाच माणसाच्या ८० चाचण्या केल्या तर तीन-चार ठिकाणी लाल खूण आली यात नवल काय? मग त्या खुणांमागे धावत आणखी चाचण्या, आणखी पैसे, रात्रीची झोप गेली. मोजक्या पण नेमक्या चाचण्या आणि त्या बघणारा डॉक्टर, हे जास्त उपयोगाचं.

ईसीजीबद्दलही एक सांगू. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाची नळी साफ आहे असा त्याचा अर्थ नाही. त्या क्षणाला हृदय कसं चाललंय एवढंच तो दाखवतो. उद्या छातीत दुखलं तर “गेल्या महिन्यात ईसीजी नॉर्मल होता,” म्हणून घरी बसू नका.

काही निघालं तर होडीवर जाता येतं का?

आता त्या हळू आवाजातल्या प्रश्नाकडे. आरोग्य केंद्र तुमचा रिपोर्ट ट्रॉलरमालकाला पाठवत नाही. तो तुमचा आहे. आणि प्रेशर किंवा साखर निघाली म्हणजे समुद्र बंद, असं अजिबात नाही. गोळ्या नीट चालू असलेले, आकडे ताब्यात असलेले कितीतरी जण कामावर जातात. धोका आहे तो आजार माहीत नसण्याचा, आणि माहीत असून गोळी सोडण्याचा.

जेव्हा डॉक्टर सांगतील की “आकडा खाली येईपर्यंत काही दिवस थांबा,” तेव्हा मात्र थांबा. म्हणूनच तपासणी बंदीत करायची. जूनमध्ये समजलं तर नारळी पौर्णिमेपर्यंत गोळी लागू पडते, डोस ठरतो, पुन्हा तपासून होतं. ऑगस्टमध्ये समजलं तर हंगामातले दिवस जातात. गोळी चालू झाली तर होडीवाल्यांसाठी या गोष्टी :

• फेरीचे दिवस मोजून त्याहून चार-पाच दिवसांच्या जास्त गोळ्या बरोबर न्या. वादळामुळे दुसऱ्या बंदरात थांबावं लागतं, हे नवीन नाही. गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, पाणी न लागेल अशा.
• बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळेच.
• गोळीनं झोप येते का, चक्कर येते का, लघवी जास्त होते का, हे डॉक्टरांना आधी विचारा. डेकवर, विंचजवळ झापड येणं परवडत नाही. तुमचं काम सांगितलं तर डॉक्टर गोळी किंवा तिची वेळ बदलून देऊ शकतात.
• इन्सुलिन असेल तर उन्हात ठेवू नका, आणि माश्यांच्या बर्फातही थेट गाडू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. कापडात गुंडाळून, डब्यात घालून, बर्फाला न टेकता थंड राहील असं ठेवा.
• साखरेची गोळी घेणाऱ्यानं खिशात गोळ्या-बिस्किटं ठेवायची आणि बरोबरच्या एकाला तरी सांगून ठेवायचं. घाम, थरथर, बडबड दिसली की दारू समजू नका, शुद्धीवर असेल तर आधी साखर खायला द्या.
• मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, एवढंच असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खारी सुकी मासळी, लोणचं, पापड यांतलं मीठही त्यातच मोजायचं. सुकी मासळी सोडा असं आम्ही म्हणणार नाही, कोणी ऐकणारही नाही. पण भिजवून ते पाणी टाकून द्या आणि वरून मीठ घालू नका.

खलाशांना विसरू नका

मालीम असो, कुटबण असो की वास्कोचा खारीवाडा, होडीवरचे बरेचसे हात ओडिशा, झारखंड, आंध्र, कर्नाटकातून येतात. बंदीत ते गावी जातात. त्यांची तपासणी हंगाम सुरू होताना, जेटीवर परत आल्या आल्या व्हावी. मालकांना आमची विनंती : एक सकाळ द्या, पगार न कापता. डोळ्यांनी नीट न दिसणारा किंवा टीबीचा खोकला अंगावर काढणारा माणूस होडीवर असणं हे सगळ्यांच्याच जिवाशी खेळणं आहे. आणि रिपोर्ट काय आला ते त्याच्याकडून हिसकावून घेऊ नका.

त्यांना एक माहिती द्या. ज्यांच्याकडे आयुष्मान भारत कार्ड आहे त्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर ते कार्ड देशभर योजनेतल्या रुग्णालयांत चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. गावाहून येताना कार्ड घेऊनच या, असं फोनवर सांगा.

तपासणीची वाट बघायची नाही, लगेच जायचं

वरचं सगळं ठणठणीत वाटणाऱ्या माणसासाठी आहे. खालचं काही झालं तर तपासणीचा दिवस, रांग, उपाशीपोट काही बघायचं नाही. जमिनीवर असाल तर १०८.

• छातीत दाब, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, थंड घाम. “गॅस असेल” म्हणून सोडा पिऊन बघू नका.
• तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय. ही लकव्याची लक्षणं. केव्हा सुरू झालं ती वेळ घड्याळात बघून लक्षात ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.
• अचानक दम लागणं, शुद्ध हरपणं, एका डोळ्यानं दिसायचं बंद होणं.

समुद्रावर असाल तर व्हीएचएफ चॅनल १६ वर सांगा किंवा तटरक्षक दलाचा १५५४ लावा. होडी कुठे आहे ते जीपीएस बघून सांगा, आणि त्याच वेळी किनाऱ्याकडे निघा. जाळं पाण्यात असेल तर ते नंतर बघता येईल.

किती वेळा?

तिशीच्या पुढे रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा. बंदी दरवर्षी येते, तीच आठवण. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी कार्यक्रमाप्रमाणे पाच वर्षांनी, पण तंबाखू खाणाऱ्यानं तोंड दरवर्षी दाखवलेलं बरं. तिशीच्या आतल्या पोरांनी घरात कोणाला कमी वयात प्रेशर-साखर असेल किंवा तंबाखूची सवय असेल तर थांबू नये. आणि यंदा सगळं नॉर्मल आलं म्हणजे पुढच्या वर्षीचं माफ, असं नाही.

रिपोर्टचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कागद पावसात भिजतो, फोटो राहतो. पुढच्या वर्षी डॉक्टरांना दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी दिसले की एकट्या आकड्यापेक्षा जास्त कळतं.

सभासदांनो, जुलै अखेरीस जेटीवर पुन्हा गडबड सुरू होईल. डिझेल, बर्फ, रेशन, लायसन्स. तेव्हा वेळ मिळणार नाही. या आठवड्यात एक सकाळ काढा, नवरा-बायको दोघं जा, शेजारच्यालाही उठवून न्या. जाऊन आलात की खाली कमेंटमध्ये फक्त “झाली” एवढं लिहा. आकडे लिहू नका, ते तुमचे खाजगी. किती जणांची झाली एवढं आम्हाला कळलं तरी पुरे. काही अडचण आली, कोणी परत पाठवलं, कागद कळला नाही, तर संस्थेच्या कार्यालयात या, बसून बघू.

पोस्ट आपल्या होडीच्या ग्रुपवर पाठवा.